टेलिफोनबाईंचा महागडा सांधा

१

टेलिफोनबाई जिन्याच्या मधल्या वळणावर पडल्या होत्या. डोकं भिंतीशी, पाय वरच्या पायऱ्यांवर. एक चप्पल पायात होती आणि दुसरी पार वर, त्यांच्याच दाराच्या पायपुसण्याशेजारी.

हे मी पोलिसांच्या फोटोत पाहिलं. मी पोचले तेव्हा बाईंना जाऊन महिना होत आला होता, जिना धुऊन पुसून झाला होता आणि पोलिसांनी 'अपघात' म्हणून हात झटकले होते. मला पाठवलं ते विमा कंपनीनं. बाईंच्या खुब्याचा सांधा बदलणाऱ्या हॉस्पिटलचा विमा आमच्याकडे होता, आणि बाईंच्या धाकट्या मुलानं दावा ठोकला होता की नवा सांधा पायरीवर निखळला, म्हणून आई गेली. कंपनीत मला 'शंकेखोर बाई' म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण माझे कान तिखट आहेत.

मरणाच्या वेळी तिथे एकटा धाकटाच होता, त्यामुळे आधी त्यालाच गाठलं. प्लंबिंगच्या सामानाचं त्याचं दुकान होतं. नळ, तोट्या, पाइप यांच्या गराड्यात तो एका स्टुलावर बसला होता. शर्ट कडक इस्त्रीचा, डोळे मात्र चार रात्री जागल्यासारखे.

"मॅडम, मी आईला भेटायलाच चाललो होतो," तो म्हणाला. "ती तिसऱ्या मजल्यावर राहायची. मधल्या वळणावर खिडकी आहे, तिथे सिगरेट ओढायला थांबलो. आईला वास चालत नाही ना! पाठ जिन्याकडे होती. आई कधी मागून उतरायला लागली, कळलंच नाही. अन् एकदम 'कट्' असा आवाज आला. वळून बघतोय तर ती माझ्या अंगावरच येत होती. धरायलाही वेळ मिळाला नाही."

"फोनवर बोलत होता का?"

"छे! काहीच करत नव्हतो. दुपारची शांत वेळ, खाली वॉचमनचा रेडिओ लागला होता, तोसुद्धा ऐकू येत होता. म्हणून तर तो 'कट्' इतका स्पष्ट ऐकला. सांधाच होता तो. डॉक्टरांनी सगळ्यांत महागडा बसवला, आणि तोच दगा देऊन गेला."

विचारलं त्याहून जास्त सांगणाऱ्या माणसावर माझा चटकन विश्वास बसत नाही. पण दुःखातही माणसं खूप बोलतात, म्हणून मी नुसतं लिहून घेतलं. निघताना तो म्हणाला, "ताईची सही तेवढी मिळवून द्या. आम्ही दोघंच वारस. तिच्या सहीशिवाय दावा पुढे सरकत नाही, आणि ती हटून बसलीय."

"का?"

"तिलाच विचारा," तो म्हणाला. "त्या दिवशी आईला एकटं टाकून ती कुठे गेली होती, तेही विचारा."

२

ताई म्हणजे बाईंची मोठी मुलगी. आपल्या लेकीला घेऊन ती आईकडेच राहत होती. दार तिनंच उघडलं. मला बसवून पाणी दिलं आणि समोर ताठ बसली, परीक्षेला बसावं तशी.

"दात दुखत होता. दवाखान्यात गेले होते," माझ्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं. "धाकट्यानं तुम्हाला सांगितलंच असेल."

"सही का करत नाही?"

तिनं पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग उठून आतल्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेले. बाईंची खाट, उशाशी जुना काळा टेलिफोन, नुसता शोभेचा. चाळीस वर्षं एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडल्या, म्हणून निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी तो भेट दिला होता. फोनच्या बाजूला शिवणयंत्रात घालायच्या तेलाची इवलीशी बाटली होती, तिच्या गळ्यात लाल रिबिनीचं फूल.

"बाई शिवण करायच्या?" मी विचारलं.

"आई? बटणसुद्धा मला लावायला लावायची." ताई पुसटशी हसली. "ती बाटली माझ्या लेकीनं दिलेली, वाढदिवसाला. त्यांचं आपलं काहीतरी चालायचं दोघींचं."

मग तिनं खाटेच्या कडेवर हात टेकला.

"ऑपरेशनच्या आधी आम्ही याच खोलीत बसलो होतो. डॉक्टरीणबाईंनी तीन प्रकारचे सांधे सांगितले होते, तीन किमतींचे. मी सगळी चौकशी केली. चार हॉस्पिटलांना फोन केले, कुठला किती वर्षं टिकतो ते वाचून काढलं. धाकटा म्हणाला, अगं सगळ्यांत स्वस्तातला बसवू, या वयात तिला तोसुद्धा पुरून उरेल. आई इथेच पडली होती, भिंतीकडे तोंड करून. तिला ऐकू गेलं. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, सगळ्यांत महागाचा बसवायचा. डॉक्टरीणबाई मधला घ्या म्हणत होत्या, त्यांचंही मी ऐकलं नाही. आईनं ठेव मोडली."

"आणि आता?"

"आता धाकटा म्हणतो, तोच निखळला." तिनं खाटेवरची चादर ओढून सरळ केली. "सही केली तर मी स्वतःच्या हातानं कबूल केल्यासारखं होईल, की तिचा जीव मी घेतला. पण सही न करून खरं बदलत नाही ना, मॅडम? मला पैसे नकोत. तुम्ही फक्त एवढंच सांगा, ती सांध्यामुळे पडली का? हो असेल तर हो म्हणा. मी सही करते."

अशी माणसं मला फार त्रास देतात. चोर-लबाड परवडले, त्यांच्याशी कसं वागायचं ते ठरलेलं असतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गंजक्या झोपाळ्यावर कुणी बसावं तसा आवाज: कुईं... कुईं... कुईं. ताईनं इतक्या घाईनं तो बंद केला की फोन हातातून निसटलाच. फोन उचलायला वाकली ती लवकर वर बघेना. मी म्हटलं रिंग बदला, कानाला बरी नाही. ती म्हणाली, "बदलवत नाही."

३

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर तीन सांधे मांडले. भाजीवाल्यानं वांगी मांडावी तितक्या सहज.

"हा पहिला. धातूचा गोळा, प्लॅस्टिकची वाटी, हाडात सिमेंटनं बसवायचा. सगळ्यांत स्वस्त. हा दुसरा, गोळा सिरॅमिकचा, वाटी प्लॅस्टिकची. साधारण दीडपट. आणि हा तिसरा, गोळाही सिरॅमिक, वाटीही सिरॅमिक, सिमेंट नाही, हाड आपोआप धरतं. पहिल्याच्या अडीचपट. बाईंना हा बसवला."

"आणि बाकीचा खर्च?"

"तो सारखाच. खोली तीच, भूल तीच, टाके तेच, चालायला शिकवणारी मुलगी तीच. फरक पडतो तो या मुठीत मावणाऱ्या वस्तूचा." त्यांनी तिसऱ्या सांध्याचा गोळा माझ्या तळहातावर ठेवला. गुळगुळीत, फिकट गुलाबी, हातात धरावासा वाटणारा.

"महागड्यावर तुम्हाला काही सुटत असेल," मी म्हणाले.

त्या चिडल्या नाहीत. "सुटत असतं तर मी मधला घ्या कशाला म्हटलं असतं? अडुसष्ट वय. मधला आरामात पंचवीस वर्षं गेला असता. महाग म्हणजे प्रत्येक बाबतीत चांगला, असं आमच्याकडे नसतं. पण घरच्यांना ते पटत नाही. किंमत मोजली की माणसाला वाटतं, सगळ्याच काळज्या मिटल्या."

"शवविच्छेदनात सांधा निखळलेला होता?"

"होता. पण निखळला म्हणून पडल्या, की पडल्या म्हणून निखळला, ते सांधा सांगत नाही. तेवढ्या पायऱ्यांवरून माझा स्वतःचा, देवानं दिलेला सांधाही निखळेल."

"बाईंची काही तक्रार होती का? ऑपरेशननंतर?"

डॉक्टरीणबाईंनी गोळा माझ्या हातातून काढून घेतला आणि डब्यात ठेवला. डब्याचं झाकण लावायला त्यांना नको इतका वेळ लागला.

"एक होती," त्या म्हणाल्या. "पण आमच्या वकिलांनी मला त्यावर बोलायला मनाई केलीय. दाव्यात ती आमच्याविरुद्ध जाऊ शकते."

४

सांध्यात खोट होती, आणि डॉक्टरांना ती माहीत होती. परत येताना माझी समजूत हीच झाली. म्हणजे धाकटा खरं बोलत होता, आणि ताईला 'हो' म्हणण्याची पाळी माझ्यावर येणार होती. तेच सांगायला मी ताईच्या इमारतीचा जिना चढत होते.

दुसऱ्या मजल्यावर एक दार किलकिलं होतं. मांजराला ये-जा करता यावी म्हणून, असं आतून कुणीतरी ओरडून सांगितलं. ते होते एक पेन्शनर. एकटे राहणारे, पांढऱ्या मिशांचे, स्वेटरचं एक बटण चुकीच्या घरात. बाई पडल्यावर सगळ्यांत आधी तेच वर धावले होते. अर्थात त्यांचं धावणं म्हणजे कठड्याला धरून एकेक पायरी.

"रोज दुपारी यायची ती चहाला," ते म्हणाले. "तिची बेल वाजायच्या आत माझं आधण उकळलेलं असायचं. निघाली की कळायचं मला. दारात येऊन म्हणायची, काय हो, लाइन लागली वाटतं! रोज तोच विनोद, आणि रोज आम्ही हसायचो. म्हाताऱ्या माणसांना नवे विनोद कशाला लागतात?"

मला वाटलं, आजोबा प्रेमात होते. असतीलही. त्यात माझ्या कंपनीचं काही जात नव्हतं.

"त्या दिवशी काय झालं?"

"धप्प असा आवाज आला. मी गेलो वर. वळणावर ती पडलेली, आणि मुलगा तिच्यावर वाकलेला. पांढराफटक पडला होता. मला म्हणाला, काका, सांधा निखळला हिचा. मी म्हटलं, अरे आधी पाणी आण." त्यांनी डोळे पुसले. "पाण्याची गरज राहिलीच नव्हती."

"'कट्' असा काही आवाज?"

"मी नाही ऐकला. कानांचं माझ्या खरं नाही म्हणा. पण एक सांगतो, बाई. घरी आलो आणि गॅसकडे पाहिलं. चहाचं भांडं कोरडं ठणठणीत. त्या दिवशी मी आधण ठेवलंच नव्हतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आणि नेमकी तेव्हाच ती गेली. याला काय म्हणायचं?"

म्हाताऱ्यांना अशा योगायोगांचं फार कौतुक असतं, असं मनाशी म्हणून मी उठले. वर ताईकडे जायचं टाळून खाली निघाले. पहिल्या मजल्यावर पोचले आणि तिथेच थांबले.

योगायोग कसला? आधण नव्हतं, कारण बाई निघाल्याच नव्हत्या. मग त्या निघाल्या की यांना बेलच्या आधी कळायचं कसं? आणि जिच्या घरी शिवणयंत्र नाही तिला नात तेलाची बाटली का देते? आणि गंजक्या झोपाळ्याची ती रिंग कुणाच्याही कानाला गोड नाही, तरी ताईला बदलवत का नाही?

मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"तक्रार काय होती ते विचारत नाही. मी सांगते, तुम्ही नुसतं हो की नाही म्हणा. सांधा आवाज करायचा?"

पलीकडे दीर्घ श्वास ऐकू आला. "हो. सिरॅमिकवर सिरॅमिक घासलं की काही थोड्या जणांत होतं असं. धोका काही नाही, पण कुरकुरतं. स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या वाटीत कुरकुर होत नाही. मी तपासून घेतलं होतं, बाई स्वतःच हसत होत्या त्यावर. सरळ चालताना क्वचित यायचा आवाज. पण पायरी उतरताना खुबा वाकला की प्रत्येक वेळी."

"बदलून देता आला असता?"

"मी विचारलं होतं त्यांना. म्हणाल्या, राहू दे, घरात माणूस असल्यासारखं वाटतं."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धाकट्याला बोलावलं. दावा निकालात काढायचा तर घटना जशी घडली तशी एकदा जागेवर दाखवा, म्हटलं. तो खुशीत आला. ताईला मी वर दाराशी उभं केलं, फोन हातात. तिला एवढंच सांगितलं की फोन वाजला तर घेऊ नका, वाजू द्या. पेन्शनर आपल्या घरात होते, दार नेहमीसारखं किलकिलं. इन्स्पेक्टर माझ्या जुन्या ओळखीचा, त्यालाही मी बोलावून ठेवलं होतं. तो त्यांच्या दाराआड उभा होता.

धाकटा खिडकीशी जाऊन उभा राहिला, जिन्याकडे पाठ करून.

"असा," तो म्हणाला.

"आणि आई त्या पायऱ्या उतरत होती?"

"हो. चार-पाच तरी उतरली असेल. मग 'कट्'."

"एकाच पायात चप्पल घालून? दुसरी वर दाराशी होती."

"अं... पडताना उडाली असेल."

"खालच्या दिशेनं पडताना चप्पल वर उडाली. बरं. पण ती उतरत होती तेव्हा काहीच ऐकू आलं नाही? चालण्याचा, सांध्याचा, कसलाच आवाज?"

तो वळला आणि कीव आल्यासारखा माझ्याकडे बघून हसला. "अहो मॅडम, एवढे पैसे मोजून बसवलेला सांधा. सगळ्यांत महागडा. तो कशाला आवाज करतोय!"

मी खिशातल्या फोनवर ताईचा नंबर दाबला.

कुईं... कुईं... कुईं. वरच्या दारापासून आवाज निघाला आणि जिनाभर घुमत खाली आला. कठडा, भिंत, खिडकीची काच, कुठेच तो लपेना. ताईनं डोळे मिटून घेतले. खाली पेन्शनरांच्या घरात नळ सुटला, भांडं खणखणलं आणि गॅस पेटल्याचा 'फक्' ऐकू आला.

धाकट्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "ही कसली रिंग गं, ताई? डोक्यात जाते. बदल ना ती."

ताईनं डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं. बघता बघता तिला सगळं कळलं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ते दिसायला नको होतं असं आजही वाटतं.

"ही तुमची आई आहे," मी म्हणाले. "जिना उतरताना. नातीनं गंमत म्हणून टिपून ठेवलेली. अख्ख्या इमारतीला हा आवाज माहीत आहे. खालच्या आजोबांचं चहाचं आधण याच्यावर चालायचं. ऑपरेशननंतर तुम्ही एकदाही आईला जिना उतरताना पाहिलं नाहीत, म्हणून फक्त तुम्हालाच माहीत नाही. तुम्हाला वॉचमनचा रेडिओ ऐकू आला, न झालेला 'कट्' ऐकू आला, आणि हे पाठीमागून उतरत आलेलं ऐकू आलं नाही? ती एकही पायरी उतरली नव्हती. ती वर दाराशी उभी होती, आणि तुम्ही तिच्यासमोर होतात."

रिंग आपोआप थांबली. धाकटा खिडकीच्या कट्ट्यावर बसला. इन्स्पेक्टर दाराआडून पुढे आला, पण मी हातानं त्याला थोपवलं.

"मी ढकललं नाही," धाकटा म्हणाला. ते माझ्यासाठी नव्हतं, ताईसाठी होतं. "शप्पथ, ताई. दुकान बुडत होतं. राहिलेल्या ठेवीतलं दे म्हणालो. ती नाही म्हणाली. मी बोललो तिला, तू स्वस्तातला बसवला असतास तर माझं दुकान आज उभं असतं. निघालो. ती मागोमाग दाराबाहेर आली आणि माझी बाही धरली. मी हात झटकला. फक्त झटकला गं."

"बाही का धरली?" ताईनं विचारलं.

तो खिडकीबाहेर बघू लागला.

"का धरली होती तिनं?"

"म्हणाली... असा रागानं जाऊ नकोस. चल खाली, काकांकडे चहा घेऊ."

मला राग आला. कामात मी राग येऊ देत नाही, पण त्या दिवशी आला. हात झटकला तो एका क्षणाचा राग होता. त्यावर एखाद्यानं डोकं आपटून घेतलं असतं, तर मी त्याला पाणी दिलं असतं. यानं आईचं अंग गार व्हायच्या आत तिच्या सांध्याची किंमत वसूल करायचं ठरवलं, आणि त्यासाठी बहिणीच्या गळ्यात तिचं मरण अडकवलं. वर तिचीच सही मागितली. मी इन्स्पेक्टरला खूण केली.

ते दोघं खाली गेले. धाकटा जाताना कठड्याला धरून उतरत होता, म्हाताऱ्यासारखा.

मी वर गेले. ताई पायपुसण्याशेजारी जमिनीवरच बसली होती.

"तुम्ही विचारलं होतं ना," मी म्हणाले. "सांध्यामुळे पडल्या नाहीत त्या. सांधा शेवटपर्यंत ठणठणीत होता. तुमची निवड चुकली नव्हती."

तिनं मान हलवली. हेच ऐकण्यासाठी ती महिनाभर तडफडत होती. आता ते मिळालं होतं, आणि त्याच्या बदल्यात तिचा भाऊ गेला होता.

खालून पावलं वाजली. पेन्शनर आजोबा अर्ध्या जिन्यापर्यंत आले होते. दोन्ही हातांत दोन कप, दोन्हीत चहा.

"आधण ठेवलं गेलं हो," ते ओशाळून म्हणाले. "आवाज आला आणि हात आपोआप गेला. दोन कपांचंच ठेवलं. आता काय करू याचं?"

मी पुढे होऊन कप घेणार होते. ताईनं मला मागे सारलं. तिनं फोन हातात घेतला आणि तोच आवाज स्वतः लावला. कुईं... कुईं... कुईं.

"कशाला आता?" मी म्हणाले. "बंद करा."

"राहू द्या," ताई म्हणाली आणि फोन हातात तसाच धरून एकेक पायरी उतरायला लागली. "त्या दिवशी अर्ध्यातच राहिली ती. आज उतरू दे तिला खालपर्यंत."